उसनं की वारशाचं? ड्रुइड आणि ब्राह्मण यांच्यातलं साम्य

'ड्रुइड म्हणजे आपले द्रविडच' हा फॉरवर्ड अधूनमधून फिरत येतो. ड्रुइड म्हणजे प्राचीन पश्चिम युरोपातल्या केल्ट लोकांचे पुरोहित; द्रविडांशी जोडणं हा नुसता उच्चाराचा खेळ. ड्रुइडांचं ब्राह्मणांशी असलेलं साम्य मात्र झटकून टाकता येत नाही. पण साम्य दिसलं की लगेच 'आपल्याकडूनच गेलं' म्हणायचं, तिथे गडबड होते.

'बटाटा' आपण पोर्तुगीजांकडून घेतला, तो उसना. 'नाव' आणि इंग्रजी 'नेम' मात्र कुणी कुणाकडून घेतले नाहीत, ती एकाच इंडो-युरोपीय आजीची नातवंडं. 'ड्रुइड' हा शब्दही याच घरातला. त्यातला 'विद्' म्हणजे आपल्या 'विद्या', 'वेद' यांतला. 'द्रु' बहुधा 'द्रुम', 'देवदार' यांच्या कुळातला. म्हणजे ओक जाणणारा. काही अभ्यासकांच्या मते 'पक्कं जाणणारा'. शब्द भाऊ निघाले म्हणून इथला कुणी पुरोहित गॉलपर्यंत, म्हणजे आजच्या फ्रान्सपर्यंत, चालत गेला, असं ठरत नाही.

उसनवारीच्या गोष्टीही जुन्याच आहेत. ड्रुइड आत्म्याचं देहांतर मानत, म्हणून काही प्राचीन लेखकांनी त्यांना पायथागोरसच्या परंपरेशी जोडलं. उलट कुणी पायथागोरसच गॉल लोकांकडे आणि ब्राह्मणांकडे शिकला म्हणालं. 18व्या शतकात विल्यम स्टुकली या इंग्रज अभ्यासकाने स्टोनहेंज हे इंग्लंडमधलं प्राचीन शिळावर्तुळ ड्रुइडांचं ठरवून त्यामागे फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन दर्यावर्दी, आणून बसवले. स्टोनहेंज ड्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाहून दोन हजारांवर वर्षांनी जुनं, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. गॉल जिंकणारा रोमन सेनापती सीझर तर लिहितो, की ही विद्या ब्रिटनमध्ये उपजली असं गॉलमध्येच मानतात. तोच सांगतो, की काही शिष्य 20 वर्षं पाठांतर करत आणि ग्रीक लिपी हाताशी असूनही विद्या लिहून ठेवत नसत. हे वाचताना वेदपाठशाळा डोळ्यांपुढे येतेच.

खरी फसगत होते ती कोलिन्यीच्या पंचांगापाशी. 1897 मध्ये फ्रान्समधल्या कोलिन्यी गावी काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले. त्यावर गॉलिश भाषेतली 5 वर्षांची कालगणना आहे: 62 महिने, त्यांतले 2 अधिक. प्रत्येक महिन्याचे दोन भाग, आपल्या पक्षांसारखे. आणि वेदांग ज्योतिष या आपल्या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथातलं युग? तेही 5 वर्षांचं, 62 चांद्रमासांचं. आता उसनं की वारशाचं? कदाचित दोन्ही नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी तोकडं पडतं. 5 वर्षांत 54-55 दिवस साठतात, म्हणजे जवळजवळ दोन महिने. चंद्रावर नजर ठेवणारा कोणीही, गोदावरीकाठी असो की फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठी, याच आकड्याला येऊन पोचतो.