ठराव विखंडन (महाराष्ट्र)

महापालिकेच्या महासभेने किंवा स्थायी समितीने केलेला ठराव राज्य सरकारने रद्द करणं म्हणजे विखंडन. आधार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं (मूळचा 1949 चा मुंबई प्रांतिक कायदा) कलम 451. नगरपालिकांचा कायदा वेगळा, 1965 चा, त्यातल्या कलम 308 ने ठराव थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिलाय. मुंबई 1888 च्या स्वतःच्या कायद्यावर चालते.

हा अधिकार नेमका आला कुठून याबद्दल दोन मतं दिसतात. एक मत तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या मे 1882 च्या ठरावाकडे बोट दाखवतं, कारण सरकारने स्थानिक संस्थांवर नियंत्रण आत बसून नाही तर बाहेरून ठेवावं असं त्यात सांगितलं होतं, म्हणजे कलेक्टर अध्यक्ष नको पण चुकलं तर हात धरायला कोणीतरी हवं. दुसरं मत म्हणतं की रिपन राहूदे, मुंबई इलाख्यातले नगरपालिका कायदे बघा, 1901 च्या कायद्यात कलेक्टरला ठराव रोखायचा अधिकार होताच आणि पुढच्या कायद्यांत तोच थोडाफार बदलून आला. कलमांची रचना पाहता दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, रिपनचं नाव बहुधा प्रस्तावनेपुरतं.

प्रत्यक्षात सुरुवात बऱ्याचदा आयुक्तांकडूनच होते. ठराव बेकायदा आहे किंवा पालिकेच्या हिताचा नाही असा प्रस्ताव नगरविकास खात्याकडे जातो, सरकार आधी ठराव निलंबित करतं, मग पालिकेचं म्हणणं ऐकून कायमचा निकाल. फाइल तिथे किती दिवस पडून राहील हे मात्र राजकारणावर, म्हणजे मंत्रालयात आणि पालिकेत एकाच पक्षाची सत्ता आहे की नाही यावर बरंच ठरतं.

गंमत म्हणजे आयुक्ताची नेमणूक सरकारचीच. कलम 36 प्रमाणे एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी विरोधात मत दिलं तर त्याला परत बोलवावं लागतं, निदान कायद्याचे शब्द तरी तसे आहेत. नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढेंवर 104 विरुद्ध 6 असा अविश्वास ठराव झाला, तरी ते मार्च 2017 पर्यंत खुर्चीवर होते.

74 व्या घटनादुरुस्तीने (अंमल 1 जून 1993) पालिकांना घटनेत जागा मिळाली पण 451 ला धक्का लागला नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यासह बऱ्याच पालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक, म्हणजे नगरसेवकांच्या जागी निर्णय घेणारे, झाले, त्यामुळे त्या काळात ठराव करणारा आणि त्याविरुद्ध प्रस्ताव पाठवणारा एकच माणूस होता, आणि तोही सरकारने नेमलेला.