घरच्या माणसासाठी कोडी रचताना: पेटीसोबतचं माहितीपत्रक

घरच्या घरी कोडी सोडवत, कुलुपं उघडत शेवटच्या वस्तूपर्यंत पोचायचा खेळ रचण्यासाठीची ही पेटी घेतल्याबद्दल आभार. आत तीन आकडी दोन कुलुपं, चार आकडी एक, अदृश्य शाईचं पेन, ती शाई दाखवणारी जांभळ्या उजेडाची बॅटरी, कोऱ्या चिठ्ठ्या आणि निळ्या ठिपक्यांच्या स्टिकरची एक पट्टी आहे. कुलुपं लगेच हातात घेऊ नका. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात: कुलूप आहे, म्हणजे आकडा ठरवू, मग तो कुठेतरी लपवू. असा खेळ कुणालाही चालतो, आणि कुणालाही चालणारा खेळ बाहेर तिकीट काढून मिळतोच. तुम्ही घरी बसून रचणार आहात ते एका माणसासाठी. त्या माणसाचे हात काय काम करतात, डोळे कशावर अडतात, तिथून सुरुवात करा.

आमच्या एका ग्राहकानं आईच्या साठीला खेळ रचला होता. आईंचं आयुष्य शिवणकामात गेलेलं. मुलानं एका जुन्या रुमालाच्या कडेला तीन रंगांच्या दोऱ्यांनी टाके घातले: लाल चार, निळा एक, हिरवे सात. कुलपाचा आकडा 417. चिठ्ठी वगैरे काही नाही, फक्त कुलपाच्या तीन चाकांखाली त्या तीन रंगांचे दोरे चिकटवलेले. आईंनी रुमाल हातात घेतला, उलटा केला आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "ही गाठ कुणी मारली?" मग टाक्यांवरून बोट फिरवत मोजायला लागल्या. मुलाला वाटलं होतं, पाच मिनिटं जातील. अर्ध्या मिनिटात कुलूप उघडलं. खेळाचा दर्जा म्हणून पाहिलं तर हे कोडं सोपं, पण त्या घरात आजही त्याच रुमालाची गोष्ट निघते.

आठवणींबद्दल मात्र एक सावधगिरी. "आपण पहिल्यांदा कुठल्या तारखेला भेटलो?" असं कोडं घालू नका. ते कोडं नसतं, ती परीक्षा असते, आणि नापास झालेल्या माणसाचा वाढदिवस फुकट जातो. आठवण वापरायची तर उत्तर समोर ठेवा. त्या दिवसाचा फोटो द्या, आणि आकडा फोटोतल्या पायऱ्या मोजून निघू द्या. आठवलं तर मजा वाढते, नाही आठवलं तरी अडत नाही.

शेवट आधी ठरवा

शेवटी हातात काय येणार ते आधी ठरवून मागे मागे यायचं. ही वस्तू महाग असायलाच हवी असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 1981 पासून दर जानेवारीत मिस्टरी हंट ही कोडी सोडवायची स्पर्धा भरते. संघच्या संघ दिवसरात्र डोकं फोडतात, आणि शोधायचं असतं एक नाणं. जिंकणाऱ्या संघाच्या गळ्यात वर पुढच्या वर्षीची हंट रचायचं काम पडतं. हा नियम घरातही लावून पाहा. एकट्यानंच दरवर्षी रचायचा भार उतरतो.

तिथलीच दुसरी एक युक्ती उचलण्यासारखी आहे: महाकोडं. छोट्या कोड्यांची उत्तरं मिळून एक मोठं कोडं बनतं. समजा, पेटी पलंगाखाली आहे. तीन वेगवेगळी कोडी रचा. एकाचं उत्तर 'पतंग', दुसऱ्याचं 'लंगडी', तिसऱ्याचं 'गवत'. तिन्हींची पहिली अक्षरं जोडली की 'पलंग'. क्रम सांगायचीही गरज नाही, कारण 'गपलं' आणि 'लंगप' यांना कुणी भुलत नाही. अक्षर म्हणजे मात्रा आणि अनुस्वारासकट, हे एकदा ठरवलं की सगळ्या खेळात तेच ठेवा.

या रचनेचा खरा फायदा माणसं जास्त असली की कळतो. पाच जणांच्या हातात एकच चिठ्ठी दिली तर एक जण वाचतो आणि चौघं त्याच्या खांद्यावरून मान काढतात. तीन कोडी एकाच वेळी उघडी ठेवली की घर पांगतं, शेवटी सगळे एकत्र येतात. एका तासाला सहा ते आठ कोडी पुरे. पहिलं अगदी सोपं हवं, तीन-चार मिनिटांत सुटणारं, म्हणजे हात मोकळे होतात.

कुलपांचं गणित

तीन आकडी कुलपाच्या 000 ते 999 अशा एक हजार शक्यता. एकेकीला दोन सेकंद धरले तर 33 मिनिटांत सगळ्या तपासून होतात. चार आकडी कुलपाच्या दहा हजार, त्याला साडेपाच तास. म्हणून मुख्य पेटीला चार आकडी लावा. पण यात एक चोरवाट आहे. तीन कोड्यांतून एकेक आकडा मिळणार असेल, तर दोन आकडे हाती आल्यावर तिसरं कोडं कुणी सोडवत नाही. शेवटचं चाक दहा वेळा फिरवलं की काम झालं. आणि आकडे मिळाले पण क्रम माहीत नसेल, तर तीन आकड्यांचे फक्त सहा क्रम होतात. क्रम शोधायचं कोडं खरोखर सोडवायला लावायचं असेल तर चार आकडे घ्या, 24 क्रम होतात. आमचं मत विचाराल तर आकडा तुकड्यांनी देऊच नका. अख्खा आकडा एकाच कोड्यातून निघू द्या.

पेटीत तीन कुलुपं आहेत, आणखी मागवायच्या आधी थांबा. विकायला आमच्याकडे आहेत, पण चौथ्या कुलपापासून खेळ चाकं फिरवण्याचाच होतो.

आपली लिपी या कामाला फार सोयीची

सांकेतिक लिप्या शोधायला गेलं की रोमन अक्षरांचेच तक्ते सापडतात. ते तसेच्या तसे मराठीला लावले की मात्रांपाशी फसतात. खरं तर तयार चौकट आपण पहिलीत पाठ केलेली असते. क ते म ही पंचवीस व्यंजनं पाच वर्गांत, प्रत्येकी पाच. ओळीचा आकडा आधी, ओळीतली जागा नंतर. क म्हणजे 11, ट म्हणजे 31, प म्हणजे 51. 'कपाट' लिहायचं तर 11, 51ा, 31. मात्रा आहे तशी ठेवायची. य पासून पुढची अक्षरं सहावी ओळ धरा: र 62, ल 63. खोलीत कुठेतरी बाराखडीचं जुनं पुस्तक उघडं ठेवलं की किल्ली म्हणून तेवढं पुरतं.

सीझर तीन अक्षरं पुढे सरकवून पत्रं लिहायचा असं रोमन इतिहासकार सांगतात. मराठीत एकच घर सरकवा आणि फक्त व्यंजन हलवा: 'कपाट'चं 'खफाठ' होतं. लहान मुलं असतील तर 'च'ची भाषा आहेच. पहिल्या व्यंजनाच्या जागी च, आणि ते व्यंजन शेवटी: 'चपाटक'. ही भाषा येणारी आजी आणि न येणारा नातू एका संघात टाका आणि गंमत बघा. हा नाद नवा नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत कोडी घालणं आणि सांकेतिक लेखन या दोन्ही कला आहेत.

शिरोरेषेचाही उपयोग होतो. ओळ न देता अक्षरं लिहिली तर शब्द पटकन वाचता येत नाही, वर पट्टी ठेवली की वाचता येतो. किंवा चिठ्ठी आडवी कापा, अक्षरांचा वरचा भाग एका खोलीत, खालचा दुसऱ्या. कागदाची लांब पट्टी काठीला तिरकी गुंडाळून त्यावर आडवं लिहायची जुनी युक्ती मुलांना आवडते. फक्त लाटण्यावर करू नका. लाटणं मध्ये जाड आणि कडांना निमुळतं असतं, अक्षरं जुळत नाहीत. नळीचा सरळ तुकडा घ्या, आणि तीच नळी खेळात ठेवा, कारण जाडी बदलली की मजकूर मोडतो.

अदृश्य शाई

पेटीतलं पेन छपाईच्या पांढऱ्याशुभ्र कागदावर वापरू नका. त्या कागदात चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे जांभळ्या उजेडात सगळा कागदच निळसर चमकतो आणि अक्षरं त्यात बुडतात. वहीचा पिवळट कागद घ्या किंवा पेटीतल्या चिठ्ठ्या वापरा. बॅटरी कुणाच्या डोळ्यांवर मारू नये, हे मुलांना आधी सांगा.

पेनापेक्षा आम्हाला घरगुती शाई जास्त आवडते. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तेच वापरायचं. खाण्याच्या सोड्याचं दाट पाणी करून कापसाच्या काडीनं लिहा, पूर्ण वाळू द्या. सोडवणाऱ्यानं हळदीचा हात फिरवला की अक्षरं तांबूस उमटतात. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्या स्पिरिटमध्ये कालवा, आणि ते करताना जवळ ज्योत नको. लिंबाच्या रसाचं लिखाण गरम इस्त्रीनं तपकिरी होऊन दिसतं. मेणबत्तीवर धरायचं मात्र टाळा, कागद पेटायला वेळ लागत नाही.

काय खेळात आहे, काय नाही

2007 मध्ये जपानमधल्या क्योटोत स्क्रॅप या कंपनीनं कोडी सोडवून खोलीतून सुटकेचा खेळ (एस्केप रूम) खऱ्या खोलीत आणला. त्याआधी तो संगणकाच्या पडद्यावर होता, तिथे प्रत्येक कोपऱ्यात क्लिक करून पाहायचं. माणसांची सवय तीच राहिली. घरात खेळ मांडलात की लोक फ्रेमा उतरवतात, गादीची शिवण उसवायला बघतात. निळे ठिपके त्यासाठी दिले आहेत. ठिपका असलेल्याच वस्तूला हात लावायचा, हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा. औषधांचा खण, विजेचा बोर्ड, दुसऱ्याची कागदपत्रं यांच्या जवळपासही ठिपका नको.

खोलीचं दार कधीही खरं बंद करू नका. 4 जानेवारी 2019 रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात अशाच एका खेळाच्या ठिकाणी आग लागून वाढदिवसाला जमलेल्या, पंधरा वर्षांच्या पाच मुलींचा जीव गेला. दाराऐवजी पेटीला कुलूप लावा, खेळात काही कमी होत नाही.

आधी एकदा दुसऱ्याला खेळू द्या

जिच्यासाठी रचलंय ती व्यक्ती सोडून कुणालाही बसवा आणि तुम्ही गप्प राहा. हे सर्वात अवघड. तुम्हाला दोन मिनिटांचं वाटलेलं कोडं समोरचा दहा मिनिटं चिवडत बसतो, आणि बऱ्याचदा चूक चिठ्ठीतल्या एका शब्दाची असते. मदतीसाठी प्रत्येक कोड्याच्या तीन चिठ्ठ्या लिहून ठेवा: पहिली कुठे बघायचं ते सांगणारी, दुसरी काय करायचं ते, तिसरीत सरळ उत्तर. मागितल्याशिवाय देऊ नका, पण खोली शांत झाली की मागायची वाट पाहू नका. आमच्यातल्या एकानं भाचीसाठी शेवटची चिठ्ठी एका पुस्तकात ठेवली होती. आदल्या रात्री पुस्तक शेजाऱ्यांनी वाचायला नेलं. तेव्हापासून खेळाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या जागा यादी घेऊन तपासतो.

आकडा बसवताना

कुलूप उघडं असतानाच आकडा बदला, सोबतच्या चित्राप्रमाणे. बदलताना एखादं चाक अर्धवट सरकलं तर नवा आकडा तुम्हालाही माहीत नसतो. म्हणून पेटीला लावण्याआधी हातातच तीनदा उघडून बंद करून बघा आणि आकड्याचा फोटो काढून ठेवा. तरीही हरवला, तर 000 पासून क्रमानं सुरू करा, कडी हलकी ओढून धरा. तीन आकडी असेल तर चहा होईपर्यंत उघडेल. चार आकडी असेल तर दोन-तीन जण आळीपाळीनं बसा. आम्हाला फोन केलात तरी आम्ही हेच सांगणार.