एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी एकदा आमच्याकडे या

नमस्कार. आमचं ऑफिस नागपुरात धरमपेठेत आहे, छोटंच, दोन टेबलं आणि तीन माणसं. हिशेब, टॅक्स आणि करार वाचून देणं हे आमचं काम. हल्ली फ्रीलान्सर मंडळी खूप येऊन राहिली, कोणी टेस्टिंग करतं, कोणी डिझाइन, कोणी अकाउंट्स. काम पुण्याच्या नाहीतर बेंगळुरूच्या कंपनीचं, मधे रिक्रूटमेंट एजन्सी, आणि माणूस इथे मनीषनगरात घरी लॅपटॉपवर. यातले बहुतेक जण सही करून मोकळे झाल्यावर येतात, तेव्हा आमच्या हातात फार काही उरत नाही, म्हणून हे पत्रक.

क्लायंटने तुम्हाला पसंत केलं आणि तुमची सही अजून व्हायची आहे, हे जे मधले दोन-चार दिवस असतात ना, तेव्हाच तुमचं वजन सगळ्यात जास्त असतं. तुम्ही जॉइन झाल्याशिवाय एजन्सीचं मार्जिन सुरू होत नाही, त्यामुळे तुम्ही हातचे जाऊ नये असं रिक्रूटरलाही वाटतं. आणि नेमका तेव्हाच फोन येतो, "आजच्या आज ई-साइन करून टाका, सोमवारी जॉइनिंग आहे, आमचा स्टँडर्ड फॉर्मॅट आहे, यात काही बदलत नाही." बदलतं हो. आम्ही कितीदा बदलून घेतलंय.

मागे एक ताई आल्या होत्या, टेस्टिंगवाल्या. चौदा पानांचा करार प्रिंट काढून आणला होता आणि रेटच्या आकड्याखाली पेनानं दोन रेघा मारलेल्या, कारण रेट खरंच चांगला होता. नवव्या पानावर मात्र एक ओळ होती की क्लायंटकडून पैसे जमा झाल्यावर साठ दिवसांत पेमेंट करू. म्हणजे क्लायंटनं पैसे दिलेच नाहीत तर? तर ताईंनी काम फुकट केलं. ती ओळ मोठ्यानं वाचल्यावर त्या गप्पच झाल्या. मग आम्ही तिथेच बसून चार ओळींचा मेल केला: "रेट मान्य आहे. पेमेंट इन्व्हॉइसच्या तारखेपासून ३० दिवसांत व्हावं, क्लायंटच्या पेमेंटशी ते जोडू नये. टाइमशीटवर (केलेल्या तासांच्या नोंदीवर) पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर ती मंजूर धरावी. हे दोन बदल केलेली प्रत पाठवा, आजच सही करते." दुसऱ्या दिवशी दुपारी सुधारलेली प्रत आली. भांडण नाही, काही नाही.

मी स्वतः नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करत होतो तेव्हा अशाच एका ओळीपायी माझे दोन महिन्यांचे पैसे बुडाले, म्हणून हा मुद्दा मी कोणालाही सोडू देत नाही.

पेमेंटच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं आहे, फक्त तयारी आधी पाहिजे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होतं, ते काम सुरू व्हायच्या आधी करून ठेवा. मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या वर पेमेंट लांबवता येत नाही, आणि लांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढीनं व्याज लागतं. मेलच्या खाली उद्यम नंबर टाकला तरी समोरच्याला काय ते समजतं.

रेट ठरवताना "प्लस जीएसटी" की "जीएसटी धरून" हे विचाराच. वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर सहसा रजिस्ट्रेशन लागत नाही, पण ते झालेलं असेल आणि १,१८,००० जीएसटी धरून ठरले असतील तर त्यातले तुमचे फक्त १,००,०००. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा टॅक्स, प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के कापणार की टेक्निकल सर्व्हिस म्हणून २ टक्के, हेही आधीच मेलवर घ्या. रिटर्न भरल्यावर तो हिशेबात मिळतो, पण तोवर दर महिन्याला लाखामागे आठ हजारांचा फरक पडतो आणि घरखर्च तर थांबत नाही.

नोटीस पिरियड बघा. तुम्हाला ३० दिवस आणि एजन्सीला "तात्काळ", असं बऱ्याचदा असतं, दोन्हीकडे सारखं करून मागा.

"काम संपल्यावर वर्षभर क्लायंटकडे थेट जायचं नाही" या अटीला लोक फार घाबरतात. काम संपल्यावर धंदाच करू नका अशी बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही, काम चालू असतानाची टिकते. एका ठराविक क्लायंटपुरती अट असली तर वाद होऊ शकतो, म्हणून ती पूर्ण काढा असं न म्हणता लहान करून घ्या: ज्या क्लायंटशी एजन्सीनं ओळख करून दिली तेवढाच, आणि सहा महिनेच. एजन्सीनं मेहनत घेतलेली असते, तिचा तेवढा हक्क आम्हाला रास्त वाटतो. डिझाइन आणि लिखाणवाल्यांनी मात्र "कामाचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरित होतील" हे वाक्य घालायला लावाच.

आणि शेवटच्या पानावरचं कोर्टाचं गाव. तिथे फक्त बेंगळुरू लिहिलं असेल तर चाळीस हजारांसाठी तुम्ही तारखांना तिकडे जाणार का? नागपूर मागा, नाहीच म्हणाले तर निदान लवाद (कोर्टाबाहेरचा निवाडा) ऑनलाइन घ्या म्हणा.

फोनवर जे कबूल होतं ते त्याच दिवशी मेलवर लिहून टाका, "आपलं आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे" असं सुरू करून.

येताना पूर्ण करार आणा, फक्त रेटचं पान नको. ऑफर लेटर, रिक्रूटरशी झालेलं व्हॉट्सअॅप बोलणं आणि पॅन कार्डची कॉपी पण. वाचून, खुणा करून, मेलचा मसुदा करून द्यायला साधारण एक दिवस लागतो, फी कागद पाहून आधीच सांगतो. प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल तर ते वकिलाचं काम आहे, तसं आम्ही स्पष्ट सांगू. सोमवारी जॉइनिंग असेल तर शुक्रवारी या, रविवारी रात्री फोन केलात तरी उचलू, पण तेव्हा घाईत वाचावं लागतं.