जुन्या पीएचपी संकेतस्थळांतील सेशनचे नूतनीकरण

लॉगिन केलेली व्यक्ती एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली तरी सर्व्हरने तिला ओळखावे, यासाठी सर्व्हरवर जपलेली तात्पुरती माहिती म्हणजे सेशन. पीएचपी या वेबसाइटी बनवायच्या भाषेत ही सोय आवृत्ती ४ पासून (२०००) आहे. सुरुवातीला 'सेशन_रजिस्टर' या फंक्शनने व्हेरिएबल (नाव दिलेले मूल्य) नोंदवायचे आणि पुढे ते साध्या ग्लोबल, म्हणजे कोडमध्ये सगळीकडे चालणाऱ्या, व्हेरिएबलसारखे वापरायचे, अशी रीत होती. तिचा आधार 'रजिस्टर_ग्लोबल्स' ही सेटिंग, आणि खरी खोट तिथेच: ब्राउझरमधल्या वेबपत्त्यापुढे 'ॲडमिन=१' टाकले की त्या नावाचे व्हेरिएबल आयतेच तयार. ४.१ मध्ये (२००१) 'डॉलर-अंडरस्कोर-सेशन' हा ॲरे (अनेक मूल्यांची यादी) आला; सेशनची माहिती थेट त्यात ठेवायची. जुनी फंक्शने ५.३ मध्ये (२००९) नापसंत ठरली, ५.४ मध्ये (२०१२) काढूनच टाकली.

पुण्यात जुना कोड असा नव्या रीतीवर आणायचे काम सहसा हिंजवडीच्या आयटी पार्कात नव्हे, तर दोन-चार जणांच्या छोट्या ऑफिसांत होते. गिऱ्हाईक म्हणजे वधू-वर सूचक मंडळ, क्लास किंवा पतसंस्था. होस्टिंगवाल्याने पीएचपी अपग्रेड केले आणि साइट पांढरी पडली की फोन येतो.

नोंदणीची ओळ बदलणे सोपे. 'सेशन_इज_रजिस्टर्ड'च्या जागी 'इससेट', 'अनरजिस्टर'च्या जागी 'अनसेट'. वेळ खातात ती व्हेरिएबल नुसती वाचणारी ठिकाणे. सरसकट फाइंड-रिप्लेस मारले तर त्याच नावाची लोकल (एका फंक्शनपुरती) व्हेरिएबलेही भरडली जातात. शिवाय जुने फंक्शन गरज पडल्यास सेशन स्वतःच सुरू करत असे. नवा ॲरे तसे करत नाही. सेशन सुरू करणारे 'सेशन_स्टार्ट' राहून गेले तर लॉगिन झाल्यासारखे वाटते, पुढच्या पानावर पुन्हा पासवर्ड मागितला जातो, आणि मूल्य लिहिणारी ओळ मात्र एररचा चकार शब्द काढत नाही.

मराठी साइटींत आणखी एक खोडी असते. श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून फाइल जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली, की तिच्या सुरुवातीला बीओएमचे (फाइल यूटीएफ-८ असल्याची खूण) तीन अदृश्य बाइट बसतात. आउटपुट बफरिंग (पान पाठवण्याआधी रोखून धरणे) बंद असेल तर ते आधीच ब्राउझरकडे जातात, आणि सेशन सुरू करताना 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही तक्रार येते, कारण सेशनची कुकी पानाच्या मजकुराआधी जावी लागते. कोड कितीही वाचला तरी चूक दिसत नाही. फाइल बीओएमविना सेव्ह करावी लागते.

हात घातलाच आहे तर लॉगिननंतर सेशनचा आयडी (ब्राउझरच्या कुकीत राहणारी ओळखखूण) बदलून घ्यावा, म्हणजे आधीचा आयडी कुणाच्या हाती असला तरी चालत नाही. दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जाऊ द्यायची की नाही, हे ठरवणारी 'सेमसाइट' सेटिंग ७.३ पासून (२०१८) मिळते. थेट ७ वर जायचे असेल तर मायएसक्यूएल या डेटाबेसची जुनी फंक्शनेही बदलावी लागतात, कारण ७.० मध्ये (२०१५) तीही गेली. एस्टिमेट देताना तो खर्च वेगळा लिहिलेला बरा.