कोजागरीच्या दुधाने दमा जातो का?

‘कोजागरीच्या चांदण्यात रात्रभर ठेवलेलं दूध प्या, दमा कायमचा जाईल’ हा मेसेज दरवर्षी भुलाबाईच्या दिवसांत गावोगाव फिरतो.

चरकसंहितेत शरद ऋतूत संध्याकाळचं चांदणं चांगलं म्हटलंय, पण ते पित्त वाढण्याच्या दिवसांतली ऋतुचर्या म्हणून. दव मात्र तिथेच टाळायला सांगितलंय, आणि रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या दुधावर दवच पडतं. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच, तेही पौर्णिमेला सुमारे 4 लाख पट मंद. त्याने दुधाचं औषध होत नाही.

मग काहींना बरं का वाटतं? आपल्याकडे तेव्हा सोयाबीन निघतं. थ्रेशरसमोर कुटाराची धूळ इतकी उडते, की गमछा बांधूनही नाकातोंडात जाते आणि धाप वाढते. काढणी संपली की अनेकांची धाप आपसूक उतरते, श्रेय दुधाला मिळतं.

पडताळायचं असेल तर वहीत रोजचं काम आणि धाप लिहा, दूध न पिणाऱ्या दमेकऱ्याचीही. काढणीनंतर दोघांची धाप उतरलेली दिसली, तर कारण दूध नाही.

आटवलेलं दूध त्याच रात्री गरम प्या, सणाचा आनंद घ्या. डॉक्टरांनी दिलेला पंप मात्र या भरवशावर एक दिवसही बंद करू नका.