पहाटेची ती लखलखती चांदणी ध्रुवतारा नव्हे

पहाटे पूर्वेला एकच मोठी चांदणी लखलखताना दिसली की ‘तो बघ ध्रुवतारा’ असे आजही मुलांना सांगितले जाते, कारण ध्रुव हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वास्तविक ध्रुवाचे महत्त्व त्याच्या तेजात नसून जवळजवळ अढळ असलेल्या स्थानात आहे. तेजस्वितेच्या क्रमवारीत तो पहिल्या ४० ताऱ्यांतही बसत नाही. मुंबईहून तो उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर, मंदसा दिसतो. पूर्वेची ती चांदणी बहुधा शुक्र असते, आणि शुक्र हा तारा नसून ग्रह आहे. आपल्या आकाशात तो सूर्यापासून ४७ अंशांहून फारसा दूर जात नाही, म्हणून मध्यरात्री माथ्यावर कधीच येत नाही. गुरूमुळेही कधी फसगत होते, पण तो शुक्राहून फिका असतो आणि लहान दुर्बिणीतून त्याचे चंद्र ओळीने दिसतात. खात्री करायची असेल तर अर्धा तास थांबावे: पूर्वेची चांदणी स्पष्टपणे वर सरकलेली असेल, ध्रुव मात्र होता तिथेच दिसेल.