कॅराव्हॅनमधील बॅटरीची निवड (कोकण किनारा)

इंजिन बंद असताना कॅराव्हॅनमधील दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रीज चालवणारी बॅटरी ही गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीहून वेगळी असावी लागते. सेल्फ मारताना लागणारा मोठा प्रवाह क्षणभर देण्यासाठी बनवलेली बॅटरी वारंवार खोलवर उतरवली, तर लवकर निकामी होते. म्हणून राहण्याच्या भागासाठी ‘डीप सायकल’ प्रकारची, म्हणजे वारंवार खोलवर उतरवता येणारी बॅटरी घेतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्यांसाठी ही निवड अधिक महत्त्वाची झाली आहे.

आधी रोजची गरज मोजावी. १२ व्होल्टचा छोटा फ्रीज ४ अँपिअर घेत असेल आणि निम्मा वेळ चालत असेल, तर दिवसाला ४८ अँपिअर-तास (अँपिअरमधील प्रवाह गुणिले तास) लागतात. २ अँपिअरचा पंखा दहा तास चालवल्यास २० आणि दिवे, पंप, मोबाइल यांचे १२ धरल्यास बेरीज ८० होते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून ती १६० अँपिअर-तासांची हवी; लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची ८० टक्के क्षमता निर्धास्त वापरता येत असल्याने १०० पुरते. अशी लिथियम बॅटरी बरीच हलकीही असते.

पावसाळ्यात वीज जाते म्हणून कोकणात अनेक घरांत इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी असते, आणि तीच गाडीत बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. आंबा किंवा आंबोली घाटाच्या वळणांवर तिच्यातील आम्ल हिंदकळून झाकणांतून बाहेर येऊ शकते, शिवाय चार्ज होताना निघणारा हायड्रोजन झोपण्याच्या बंद जागेत धोकादायक ठरतो. शिसे-आम्लच घ्यायची असेल, तर सीलबंद एजीएम बॅटरी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषलेले असते) बरी.

किनाऱ्यावर खरी कसोटी उष्म्याची आणि खाऱ्या वाऱ्याची असते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते, त्यामुळे मे महिन्यात तारकर्लीला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तिला सावलीचा, हवेशीर कप्पा हवा. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, पण ही अडचण येथे उद्भवत नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साठू लागली की जोडणी काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडी करून व्हॅसलीन लावावे. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असाव्यात.

पावसाळ्यात छतावरील सौर पॅनेलवर विसंबता येत नाही; गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) चार्जिंग करावे लागते, आणि लिथियम बॅटरी अल्टरनेटरवर अतिभार टाकू शकत असल्याने मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा डीसी-डीसी चार्जर आवश्यक असतो. गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असल्यास शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवतात व अधूनमधून पुन्हा भरतात, तर लिथियम बॅटरी साधारण अर्ध्या चार्जवर, भार जोडण्या काढून ठेवतात.